दादास, बिअरबाबत सविस्तर

तीर्थरूप दादास,

नमस्कार. (साष्टांग लिहायला निघाले होते, पण गेल्या महिन्यापासून उजवा गुडघा तेवढं वाकू देत नाही, आणि जे शरीराने होत नाही ते कागदावर कशाला लिहायचं.) तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनींकडून कळलं. थेंब वेळेवर घालतोस ना? वहिनी म्हणतात, डोळा आता इतका स्वच्छ झालाय की तू कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दाखवत घरभर हिंडतोस. त्यांची कंबर दुखत असताना हे बरं नव्हे. जळमटं पूर्वीही होती आणि तू सुखात होतास. आम्ही दोघं ठीक. यांचं पित्त आहे तसंच आहे, म्हणजे तब्येत उत्तम. कमी झालं तर मी काळजी करेन.

आता मुद्द्याचं. तुला कुणी ना कुणी सांगेलच, की तुझी धाकटी बहीण बुधवारी दुपारी साडेतीनला हातात वही घेऊन बिअरच्या कारखान्यात शिरताना दिसली. बातमी खरी आहे, फक्त अपुरी आहे. मी लागोपाठ पाच बुधवार गेले, चार निरनिराळ्या ठिकाणी, आणि दर वेळी हे बरोबर होते. तू हे तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा क्रमवार माझ्याकडूनच ऐकावंस म्हणून हा पत्रप्रपंच. मध्येच पत्र फाडू नकोस. पाठपोट लिहिलंय, फाडलंस तर दोन्हीकडचं जाईल.

चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या भाच्याने औषध कंपनीतली नोकरी सोडली. (फिरती खुर्ची होती, दारावर स्वतःच्या नावाची पाटी होती, आणि वर्षाकाठी दोन पांढरे कोट मिळायचे.) जुन्या बर्फाच्या कारखान्याची शेड घेऊन तो तिथे बिअर करायला लागला. त्यावर आमच्या बाहेरच्या खोलीत जी बैठक झाली ती तुला आठवत असेल. तू म्हणालास, दारू गाळणाऱ्याचा मी मामा नाही, आणि ताटावरून उठलास. मी म्हणाले, दादा बोलला तेच माझं. तेव्हापासून मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. हे बोलायचे. मी फोनशेजारचं फडताळ पुसायचे. (इतकं स्वच्छ फडताळ शहरात दुसरं नसेल. आता त्याचा रंगही निघालाय.)

मग एका रविवारी यांचा आवाज एकदम खाली गेला. पस्तीस वर्षांच्या संसारात यांचा आवाज दोनदाच असा खाली गेला होता, आणि दोन्ही वेळा कुठेतरी पाणी मुरत होतं. मी फडक्यासह कान दिला. कळलं ते असं, की तिसरी टाकी ओतून द्यावी लागली. हलक्या बिअरची चव बिघडते आणि कारण सापडत नाही. पुढची टाकीही बिघडली तर तो गाशा गुंडाळणार आणि जुन्या साहेबांकडे जाऊन खुर्ची परत मागणार. शेवटी हे म्हणाले, "छे, तिला कशाला सांगतोय मी." त्यावरून पलीकडून काय विनंती झाली ते मी ताडलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चहाचं पाणी उकळेपर्यंत टिकला. चहा गाळताना मात्र मला राग यायला लागला, आणि कोणाचा ते कळेना. तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काढली. नाकाला लावल्याशिवाय, जिभेवर ठेवल्याशिवाय, नळीत घालून बघितल्याशिवाय मी कधी कुठल्या नमुन्यावर शेरा मारला नाही. एकदा तर खुद्द मुख्य अभियंत्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळावर 'पिण्यास अयोग्य' लिहून मोकळी झाले होते. आणि पोटच्या पोरावर मी न तपासता शेरा मारला होता. बिअर कशाची करतात हेही मला माहीत नव्हतं; मी तिला नुसती पाण्यात पाहत होते. तेव्हा ठरवलं. आधी शिकायचं, मग तपासायचं, आणि मग काय तो विरोध करायचा. अभ्यास करून केलेला विरोध कुणाला मोडून काढता येत नाही.

पण त्याच्याकडे थेट जाणं शास्त्रीय नव्हतं. एकच नमुना बघून चांगलं-वाईट कळत नाही, तुलनेला दुसरे लागतात. बसने जाता येतील अशा आणखी तीन ब्रुअऱ्या शहरात निघाल्या. (आपण इतकी वर्षं इथे राहतो आणि दोन थांब्यांवर काय शिजतंय याचा पत्ता नाही.) मी यांना म्हटलं, माझ्याबरोबर साक्षीदार म्हणून चला. हे म्हणाले, "बरं." इतक्या पटकन बरं म्हटल्यावर मला संशय यायला हवा होता.

पहिली ब्रुअरी जुन्या छापखान्यात आहे. आम्ही बिचकत आत शिरलो तेव्हा एक दाढीवाला गृहस्थ फरशी धूत होता. माझ्या हातात वही, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा थर्मामीटर, आणि मागे गंभीर चेहऱ्याचे हे. त्याने झाडू टाकला, हात पुसले आणि एक शब्द न बोलता परवान्याची फाइल पुढे केली. मला वाटलं, इथे ग्राहकांना फाइल दाखवायची पद्धत असेल. मी ती वाचली. मग त्याने थंडगार खोली दाखवली, माल्टची पोती दाखवली, सांडपाण्याची मोरी दाखवली. (मोरीला उतार कमी होता, मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.) चाळीस मिनिटांनी मी म्हटलं, "आता नवशिक्याला झेपेल असं काहीतरी प्यायला द्या." तो तिथल्या स्टुलावर बसला. तिथूनच विचारलं, "म्हणजे तुम्ही तपासणीच्या बाई नाही?" मी म्हटलं, तपासणीचीच आहे, पण खाजगी.

माणूस मात्र सज्जन. राग धरला नाही. एका फळीवर चार छोटे ग्लास मांडून आणले, औषधाची मात्रा मावेल एवढेच, फिकटापासून काळ्यापर्यंत ओळीने. पहिली हलकी सोनेरी, दुसरी गव्हाची, तिसरी कडू, चौथी काळी. म्हणाला, याच क्रमाने घ्या. काळीपासून सुरुवात केलीत तर मागून येणारी सोनेरी पाण्यासारखी लागेल. मी म्हटलं, पाण्यासारखी म्हणजे कुठल्या पाण्यासारखी, पाण्याला चव असते. तो यांच्याकडे बघायला लागला. हे फळीकडे बघत होते.

इथे माझ्या हातून एक गोष्ट घडली ती तुला सांगितलीच पाहिजे. चव घेणारे तज्ज्ञ घोट तोंडात घोळवून थुंकतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. प्रयोगशाळेतही आम्ही तेच करायचो. तेव्हा मी पहिला घोट तोंडात घोळवला आणि टेबलावरच्या फुलदाणीत सोडला. शेजारच्या टेबलावरच्यांनी आपली फुलदाणी जवळ ओढून घेतली. दाढीवाला हळूच म्हणाला, "बाई, ते वाइनचं. बिअरचा कडूपणा घशाच्या मागे कळतो. गिळावी लागेल." मी गिळली. दादा, तुझ्याशी प्रामाणिक राहायचं तर, भयंकर असं काही घडलं नाही. जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, भाजतात, तेच माल्ट. त्याचाच गोडसर वास होता, ताज्या पावाच्या कवचासारखा. गव्हाच्या बिअरला चक्क केळ्याचा वास आला. मी म्हटलं, केळं घातलंय. तो म्हणाला, नाही, ते यीस्टचं काम. मला पटेना. परत थंड खोलीत गेले, पोती मोजली, केळं नव्हतं. मग पटलं.

तिसऱ्या, कडूवर मात्र मी अडकले. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं असतात, ती ढीगभर घालतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. लहानपणी तापात आपल्याला जो काढा पाजायचे आणि तू जो खिडकीतून ओतायचास, त्याची सख्खी बहीण. मी ग्लास खाली ठेवला. पण हार मानून उठणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून पुढच्या बुधवारी पुन्हा तिथेच गेले आणि फक्त कडू मागितली. पहिल्या घोटाला जीभ बंड करते, दुसऱ्याला रुसते, तिसऱ्याला ऐकायला लागते. तिसऱ्या घोटात संत्र्याच्या सालीचा वास आला. मी वहीत नियम लिहिला: तिसऱ्या घोटाआधी मत देऊ नये. (मान वर केली तर यांनी स्वतःचा ग्लास संपवून माझा अर्धा केला होता. साक्षीदाराने पुरावा पिऊ नये, असं मी यांना बसमध्ये समजावून सांगितलं. हे घरी पोचेपर्यंत कंडक्टरशी बोलत होते. ज्या माणसाने आपल्या वाङ्‌निश्चयात चार वाक्यं काढली नव्हती, त्याने कंडक्टरला केळ्याच्या वासामागचं कारण सांगितलं.)

तिसऱ्या बुधवारी, दुसऱ्या ब्रुअरीत, माझं भांडण झालं. ती दोघी मैत्रिणींची आहे, जुन्या गॅरेजमध्ये. त्यातल्या उंच मुलीने एक गुलाबीसर बिअर दिली. मी वास घेतला, घोट घेतला आणि तिला बाजूला नेऊन हळूच सांगितलं की पोरी, ही नासली आहे, आंबट झाली आहे, गिऱ्हाइकाला देऊ नकोस. ती म्हणाली, आंबटच असते. मी म्हटलं, नासलेल्या मालावर लेबल लावलं म्हणजे तो प्रकार होत नाही. तिने मला आत नेलं, तीन महिने मुद्दाम आंबवलेलं पिंप दाखवलं, आम्लतेच्या नोंदींची वही दाखवली. रोजची नोंद होती, एक दिवस चुकला नव्हता, खाडाखोड नव्हती. माझ्या हाताखालच्या तिन्ही सहायकांनी मिळून अशी वही कधी ठेवली नाही. मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मी नासक्या नमुन्याकडून हरले, आणि तिथून निघताना मला विचित्र वाटत होतं. ज्याला मी गाळणं म्हणत होते ते धुणं, मोजणं, लिहिणं आणि वाट बघणं होतं. म्हणजे माझंच काम. चौथ्या बुधवारी तिसऱ्या ब्रुअरीत काळी प्यायले, त्याविषयी खाली स्वतंत्र लिहिते.

पाचव्या बुधवारी बर्फाचा कारखाना. यांच्या माहितीप्रमाणे तुझा भाचा त्या दुपारी माल्ट आणायला जाणार होता. तो गेला नव्हता. (यांची माहिती आयुष्यात पहिल्यांदा चुकली असं हे म्हणतात. मी त्यावर अजून शेरा मारलेला नाही.) आत तीन स्टीलच्या टाक्या, ओली स्वच्छ फरशी, आणि भिंतीला पाइप गुंडाळून टांगलेला, टोक खाली, म्हणजे आत पाणी साचत नाही. असा पाइप टांगायला त्याला मीच शिकवलं होतं, तो सात वर्षांचा असताना. काउंटरमागे तो उभा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस वाढलेले, वजन कमी झालेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी फळ्याकडे बघत राहिले. फळ्यावर अक्षर चांगलं होतं.

मग तो म्हणाला, "पहिल्यांदाच येताय?"

मी म्हटलं, "हो."

"मग हलक्यापासून सुरुवात करू. जेवून आलात ना?"

"आलेय."

त्याने आधी ग्लासभर पाणी ठेवलं, मग फळी. इतक्या महिन्यांनी भेटलेल्या आईला तो अहो-जाहो करत, कुणाही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होता. हा गहू, हे भाजलेले जव, हा ग्लास जरा हातात धरून कोमट होऊ द्या म्हणजे वास उघडेल. मीही गिऱ्हाइकासारखी मान हलवत होते. फळीवर तीनच ग्लास होते. मी म्हटलं, हलकी सोनेरी दिसत नाही. तो म्हणाला, ती विकायला नाही, ती बिघडली आहे. मी म्हटलं, तीच आणा.

त्याने आणली. दादा, तो ग्लास तोंडाशी नेण्याआधीच मला कळलं. दवाखान्याचा वास. जखमेवरची पट्टी उलगडताना येतो तसा. एकतीस वर्षं मी ज्या वासामागे धावले तो वास, माझ्या मुलाच्या ग्लासात. मी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "पाणी कुठून घेतोस?"

"नळाचं." मग थोडं थांबून, "उकळून."

"बाकी काय काय तपासलंस?"

त्याने बोटांवर मोजून सांगितलं. यीस्ट दोनदा बदललं, माल्टवाला बदलला, सगळ्या नळ्या नव्या घातल्या, टाकीचे सांधे उघडून पाहिले. पाणी सोडून सगळं. मी विचारलं, औषध कंपनीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला पाणी तपासायचं सुचलं कसं नाही. तो फडक्याने काउंटर पुसायला लागला, जिथे काहीच सांडलं नव्हतं तिथे. म्हणाला, "ते तुझ्या लॅबचं पाणी, आई. त्याच्यावर शंका कशी घेणार?"

मी स्टुलावर बसले. गुडघ्यामुळे नाही.

आता यातली खरी गंमत ऐक आणि हसायचं असेल तर हस, मला चालेल. साधं क्लोरीन पाणी उकळलं की उडून जातं. पण लांबच्या वस्त्यांपर्यंत ते टिकत नाही, म्हणून त्याला अमोनियाची जोड द्यावी अशी शिफारस खात्याला कुणीतरी केली होती. ही जोडगोळी चिवट. उकळली तरी मुक्काम हलवत नाही. माणसाला अपाय काही नाही, पण माल्टशी गाठ पडली की दवाखाना उघडते. शिफारशीची फाइल खात्यात दोन वर्षं फिरली आणि चार महिन्यांपूर्वी अमलात आली. त्याच्या टाक्या चार महिन्यांपूर्वीच बिघडायला लागल्या. काळीत आणि कडूत ते लपायचं, सोनेरीत उघडं पडायचं. शिफारस करणाऱ्याची सही त्या फाइलीत शेवटच्या पानावर आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी मीच केली होती. तुझ्या भाच्याच्या तीन टाक्या कुणी नासवल्या म्हणशील, तर त्याच्या आईने. आणि मी वर त्याच्याशी अबोला धरून बसले होते.

मी त्याला हे सगळं तिथेच सांगितलं. तो इतका हसला की बूट घसरून काउंटरला धरावं लागलं. हेही हसले. मी हसले नाही, मी उपाय लिहून दिला. कोळशाचा फिल्टर बसवायचा (बाकीच्या तिन्ही ब्रुअऱ्यांत तो आधीपासून आहे, म्हणून त्या वाचल्या), त्यातून पाणी अगदी सावकाश सोडायचं, आणि दर टाकीआधी तपासायचं. फिल्टर बसला. नवी टाकी लागली. तीन आठवडे तिच्यावर मी लक्ष ठेवलं; काही करायचं नसतं, पण टाकीजवळ कुणी जबाबदार माणूस बसलेलं बरं. एकविसाव्या दिवशी त्याने नळ सोडला आणि पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी वास घेतला. पावाचं कवच. घोट घेतला, दुसरा घेतला, नियमाप्रमाणे तिसरा घेतला. माझा मुलगा तोपर्यंत टाकीचा नळ धरून उभा होता. मी वहीत 'पिण्यास योग्य' लिहून खाली सही केली.

जुन्या साहेबांकडे तो गेला नाही. उलट माझ्याकडून त्याने नवशिक्यांसाठी सूचनांचा कागद लिहून घेतला आणि काउंटरवर लावला. लोक थांबून वाचतात. त्यात मी लिहिलंय की उपाशीपोटी येऊ नये आणि गाडी चालवत येऊ नये, बस आहे. छोटे ग्लास मागावेत, मोठा मागण्यात पुरुषार्थ नाही. आधी नाक, मग जीभ. दोन ग्लासांमध्ये पाणी प्यावं. जी करतो त्यालाच विचारावं, कशाची आहे म्हणून. बनवणाऱ्याला सांगायला आवडतं, आणि ज्याला आवडत नाही त्याची पिऊ नये. एकाच ठिकाणी खुंटा ठोकून न बसता शहरातल्या बाकीच्यांकडेही जावं, आंबटवाल्या मुलींकडे तर जावंच. (मुलगा म्हणाला, आई, गिऱ्हाइकांना दुसरीकडे काय पाठवतेस. मी म्हटलं, तुलनेला दुसरे नमुने लागतात.) शेवटी लिहिलंय की आवडली नाही तर सरळ सांगावं, पण तिसऱ्या घोटानंतर.

पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, आणि कंबर शेकताना फार गरम नको म्हणावं. तुझ्या डोळ्याला जपून वाच, एका दमात वाचू नकोस.

तुझी धाकटी बहीण

ता. क. वहिनींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणार असशील तर फुलदाणीचा भाग गाळ.

ता. क. २. काळीविषयी स्वतंत्र लिहिते म्हटलं होतं. ती भाजक्या जवांची, करपल्या साखरेसारखी आणि कॉफीसारखी असते. मला बिअर आवडत नाही, हे माझं मत कायम आहे. काळीला मी बिअरमध्ये धरत नाही.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. मुलाला नवा प्रकार करायचाय आणि त्यासाठी वेगळं पाणी हवंय. तुझ्या अंगणातल्या बोअरचं पाणी पाहिजे. काचेची बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळून, काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता घट्ट बंद करायची. कुणाबरोबर पाठवू नकोस, पोस्टाने तर नाहीच, नमुना हिंदकळतो. स्वतः घेऊन ये. बुधवारी साडेतीनला. बर्फाच्या कारखान्याच्या दारातच बस थांबते.

ता. क. ४. तू माझा भाऊ आहेस, तेव्हा म्हणशीलच की तुझ्या बोअरचं पाणी मी तीन वर्षांपूर्वीच तपासायला नेलं होतं. नेलं होतं. अहवाल आता समोरच आहे. ते अतिशय जड पाणी आहे, बिअरच्या काडीच्या उपयोगाचं नाही. बाटली जड होत असेल तर घरीच ठेव. तू ये.